संगणक-सुरक्षेतील अनुपालन-तपासणीचा इतिहास : ‘ऑरेंज बुक’ ते ‘ओपनस्कॅप’

सारांश

संगणक-यंत्रणा सुरक्षित आहे की नाही, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावे, हा प्रश्न १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संरक्षण खात्यात उपस्थित झाला. पुढील पाच दशकांत तज्ज्ञ-मंडळाचे मूल्यमापन, कागदोपत्री प्रमाणन आणि शेवटी यंत्राला वाचता येणाऱ्या नियमांची स्वयंचलित तपासणी अशा तीन अवस्थांतून त्याचे उत्तर घडत गेले. प्रस्तुत शोधनिबंधात या वाटचालीचा कालक्रमानुसार आढावा घेतला असून, आदेश-ओळीवरून चालणाऱ्या ‘ओपनस्कॅप’ या मुक्त-स्रोत साधनाचे ऐतिहासिक स्थान स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कळीचे शब्द : संगणक-सुरक्षा, अनुपालन, प्रमाणन, स्कॅप, ओपनस्कॅप.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध आणि शोधक यांच्याकडे जितके लक्ष दिले जाते, तितके तपासणीच्या पद्धतींकडे दिले जात नाही. वास्तविक कोणत्याही काळात सत्ता कशाला ‘योग्य’ मानत होती, हे तिच्या तपासणीच्या दप्तरातून अधिक स्पष्ट दिसते. महसुली जमाबंदीचे कागद जसे पिकाइतकेच मोजणी करणाऱ्याच्या दृष्टीविषयी बोलतात, तसाच सुरक्षा-तपासणीचा अहवालही यंत्रणेइतकाच नियमकर्त्याविषयी बोलतो. ‘अनुपालन’ म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांशी असलेली जुळणी. ‘सुरक्षा’ ही त्याहून व्यापक गोष्ट होय. या दोहोंतील अंतर कसे निर्माण झाले आणि ते कमी करण्याचे कोणते प्रयत्न झाले, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य विषय आहे.

२. तज्ज्ञ-मूल्यमापनाचा कालखंड (१९६७ ते १९९५)

एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत रूढ होऊ लागताच गोपनीय आणि सर्वसाधारण माहिती एकाच यंत्रात राहू लागली. १९६७ मध्ये संरक्षण खात्याच्या वतीने विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमण्यात आले. त्याचा अहवाल १९७० मध्ये सादर झाला आणि त्यावरील गोपनीयता १९७५ मध्ये उठली. यंत्रसामग्री, आज्ञाप्रणाली, संदेशवहन, इमारत, कर्मचारी आणि प्रशासकीय कार्यपद्धती या सर्वांची एकत्रित व्यवस्था म्हणजे सुरक्षा, अशी या अहवालाची भूमिका होती. पुढील इतिहासाचा विचार करता ही भूमिका विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांचा अमेरिकी हवाई दलासाठीचा अहवाल आला आणि त्यापाठोपाठ बेल व लापादुला यांनी गोपनीयतेच्या श्रेणींचे गणिती प्रारूप मांडले.

या विचारमंथनाची परिणती १९८३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापन-निकषांत झाली. मुखपृष्ठाच्या रंगावरून हे पुस्तक ‘ऑरेंज बुक’ या नावाने ओळखले गेले. १९८५ च्या डिसेंबरमध्ये त्याची सुधारित आवृत्ती संरक्षण खात्याचे अधिकृत मानक म्हणून निघाली. ‘डी’ या सर्वांत खालच्या श्रेणीपासून ‘ए-१’ या सर्वोच्च श्रेणीपर्यंत यंत्रणांची प्रतवारी त्यात केली होती. ही प्रतवारी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या (एनएसए) छत्राखालील तज्ज्ञ प्रत्यक्ष परीक्षण करून देत असत.

या पद्धतीचे बळ तिच्या सखोलतेत होते आणि तिची मर्यादाही तेथेच होती. मूल्यमापन दीर्घकाळ चाले आणि ते एका विशिष्ट आवृत्तीपुरतेच लागू असे. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज एनटी ३.५’ला ‘सी-२’ श्रेणी १९९५ च्या जुलैमध्ये मिळाली. तोपर्यंत तिची पुढील आवृत्ती बाजारात आलेली होती. शिवाय ही श्रेणी जाळ्याशी न जोडलेल्या संगणकासाठी होती. ज्या काळात संगणक झपाट्याने जाळ्याला जोडले जात होते, त्याच काळात प्रमाणपत्र मात्र एकट्या उभ्या संगणकाला मिळत होते.

१९९९ मध्ये ‘कॉमन क्रायटेरिया’ ही निकषसंहिता आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. भारताला २०१३ मध्ये या व्यवस्थेत प्रमाणपत्र देणारे राष्ट्र म्हणून मान्यता मिळाली. तथापि, उत्पादन प्रमाणित असले तरी कार्यालयात ते कसे बसवले आणि कसे वापरले जाते, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

३. यंत्राकडून यंत्राची तपासणी : प्रारंभीचे प्रयत्न

२ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मॉरिस वर्म’ने तत्कालीन इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्याने वापरलेल्या वाटा फार गूढ नव्हत्या. सैल सोडलेली मांडणी आणि सहज ओळखता येणारे परवलीचे शब्द यांचाही त्यांत समावेश होता. सर्वोच्च श्रेणीच्या चर्चेत साध्या दाराच्या कडीकडे दुर्लक्ष झाल्याचे या घटनेने दाखवून दिले.

१९९० मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील डॅन फार्मर आणि जीन स्पॅफर्ड यांनी ‘कॉप्स’ हा संच विद्वत्परिषदेत मांडला. तो लहान लहान तपासणी-कार्यक्रमांचा समूह होता. धारिकांवरील चुकीचे अधिकार, दुबळे परवलीचे शब्द, धोकादायक मांडणी अशा बाबी शोधून तो फक्त अहवाल देई. दुरुस्ती प्रशासकानेच करावयाची असे. ठरावीक वेळी आपोआप चालवून त्याचा अहवाल टपालाने मागवता येई. वर्षानुवर्षे चालणाऱ्या परीक्षणाच्या जागी रोज रात्री होणारी तपासणी आली, हा या साधनाचा खरा बदल होय.

मात्र ‘कॉप्स’मध्ये नियम आणि तपासणी एकमेकांत मिसळलेली होती. अमुक धारिका धोक्याची का, हा निर्णय कार्यक्रमाच्या ओळींतच दडलेला होता. संगणकतज्ज्ञ नसलेल्या अधिकाऱ्याला तो वाचता येत नसे आणि संस्थेगणिक नियम बदलायचे तर कार्यक्रमच बदलावा लागे.

४. कागदी अनुपालन आणि नियमांची भाषा (२००२ ते २००९)

२००२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ‘फिस्मा’ हा संघीय माहिती-सुरक्षा कायदा झाला. प्रत्येक खात्याला आपल्या यंत्रणांची नोंद, जोखमीचे मूल्यमापन आणि वार्षिक अहवाल बंधनकारक झाला. प्रतिनिधिगृहाच्या समितीकडून खात्यांना विद्यार्थ्यांप्रमाणे अक्षरश्रेणी दिल्या जाऊ लागल्या. २००५ सालासाठी एकूण संघीय शासनाची श्रेणी ‘डी प्लस’ होती. परंतु जाडजूड फायली तयार करणे म्हणजेच सुरक्षा, असा समज या काळात बळावला. अहवाल पूर्ण होईपर्यंत यंत्रणेची मांडणी बदललेली असे. ‘नॅक’च्या स्वयंमूल्यमापन अहवालाचा अनुभव असलेल्या महाविद्यालयीन अध्यापकांना हा ताण अपरिचित वाटू नये.

याच काळात एक शांत पण मूलगामी काम चालू होते. मायटर या संस्थेने १९९९ मध्ये ज्ञात उणिवांना समान क्रमांक देणारी ‘सीव्हीई’ सूची आणि २००२ मध्ये यंत्रणेची स्थिती तपासण्याचे निकष लिहिण्यासाठी ‘ओव्हल’ ही भाषा सादर केली. २००५ च्या जानेवारीत ‘एक्ससीसीडीएफ’ ही तपासणी-यादी लिहिण्याची भाषा प्रसिद्ध झाली. तीत एनएसए आणि राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्था (निस्ट) यांचा सहभाग होता. या भाषांनी कामाची वाटणी केली. नियम काय आहे, तो का आहे आणि त्याचे महत्त्व किती, हे ‘एक्ससीसीडीएफ’मध्ये लिहावयाचे, तो पाळला गेला की नाही हे यंत्राने कसे पाहावे, हे ‘ओव्हल’मध्ये.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ‘दूरस्थ जोडणीतून सर्वाधिकारी खात्याने थेट प्रवेश करू नये’ हा नियम माणसाला समजेल अशा गद्यात, कारणासह लिहिला जातो. त्याच्याशी जोडलेल्या निकषात कोणती मांडणी-धारिका उघडावी, कोणती ओळ शोधावी आणि तिचे मूल्य काय असावे, हे नेमके नमूद असते. ‘कॉप्स’मध्ये एकत्र असलेल्या दोन गोष्टी येथे वेगळ्या झाल्या.

राजकीय चालना २२ मार्च २००७ च्या आदेशाने मिळाली. व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाने संघीय खात्यांतील ‘विंडोज एक्सपी’ व ‘व्हिस्टा’ संगणकांसाठी समान सुरक्षित मांडणी १ फेब्रुवारी २००८ पर्यंत लागू करण्यास सांगितले. इतक्या मोठ्या संख्येच्या संगणकांची तपासणी हाताने होणे शक्य नव्हते. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये निस्टने या सर्व भाषा व सूची ‘स्कॅप’ या नावाने एका विनिर्देशात बांधल्या. त्याची १.२ ही आवृत्ती २०११ मध्ये, तर १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये आली.

५. ओपनस्कॅप : साधनाची रचना आणि वापर

‘ओपनस्कॅप’ हा या विनिर्देशाचा मुक्त-स्रोत आविष्कार होय. रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने तो विकसित झाला आणि २०१४ मध्ये त्यास निस्टचे ‘स्कॅप १.२’ प्रमाणन मिळाले. तपासणी करणारे साधनच खुले असल्याने निकाल कसा निघाला, हे कोणालाही पाहता येऊ लागले.

त्याची स्थापना करतानाच या इतिहासाचा अर्थ लक्षात येतो. रेड हॅट कुळातील लिनक्सवर ‘डीएनएफ’ या आदेशाने दोन स्वतंत्र संच बसवावे लागतात. ‘ओपनस्कॅप-स्कॅनर’ हे तपासणीचे इंजिन, तर ‘स्कॅप-सिक्युरिटी-गाइड’ हा नियमांचा ग्रंथ. तपासनीस आणि नियमपुस्तक वेगवेगळे असावे, हे तत्त्व येथे संचांच्या पातळीवर उतरले आहे.

वापराचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. ‘ऑस्कॅप’ या आदेशाला ‘इन्फो’ हा उपआदेश व नियम-धारिकेचे नाव दिले, की तीत कोणकोणती नियमावली उपलब्ध आहे ते दिसते. पतपत्र व्यवहारांसाठीची, संरक्षण खात्याची किंवा अन्य संस्थेची, यांपैकी गरजेनुसार एक निवडावयाची. त्यानंतर ‘एक्ससीसीडीएफ इव्हॅल’ या उपआदेशाने प्रत्यक्ष तपासणी होते. निकाल दोन रूपांत साठवता येतो : यंत्रासाठी एक्सएमएल धारिका आणि माणसासाठी ब्राउझरमध्ये वाचता येणारा अहवाल. प्रत्येक नियमापुढे उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, लागू नाही, तपासले नाही, त्रुटी असे शेरे येतात. संस्थेला एखादा नियम वगळावयाचा असल्यास मूळ ग्रंथाला हात न लावता वेगळी अनुरूपण-धारिका जोडता येते. त्यामुळे कोणता नियम सोडला याची नोंद राहते.

‘तपासले नाही’ आणि ‘त्रुटी’ हे शेरे ‘उत्तीर्ण’मध्ये मिसळले जात नाहीत, ही बाब महत्त्वाची आहे. आदेश संपताना मिळणारा अंकही हाच भेद पाळतो. सर्व नियम पाळले असल्यास ०, तपासणीतच बिघाड झाल्यास १ आणि किमान एक नियम अनुत्तीर्ण किंवा अनिश्चित असल्यास २. अज्ञानाला यशाचा दर्जा न देणे, ही तपासणीच्या इतिहासातील मोठीच शिस्त म्हणावी लागेल.

हे साधन दुरुस्तीही करू शकते. किंवा दुरुस्तीच्या आज्ञांची धारिका तयार करून देते. तथापि, चालू यंत्रणेवर थेट दुरुस्ती केल्यास आवश्यक सेवाच बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून चाचणी-संगणकावर प्रयोग करून आणि आज्ञांची धारिका वाचूनच पुढे जाणे इष्ट ठरते. तात्पुरत्या धारिकांसाठी स्वतंत्र विभाग असावा, यांसारखे काही नियम तर चालू संगणकावर आपोआप दुरुस्त होऊच शकत नाहीत. त्यांचा विचार यंत्रणा उभारतानाच करावा लागतो.

६. अनुपालन आणि सुरक्षा : दोन घटना

अमेरिकेतील ‘टार्गेट’ या विक्रेत्या कंपनीला २०१३ च्या सप्टेंबरमध्ये पतपत्र-उद्योगाच्या मानकाचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्या सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या पतपत्रांची माहिती चोरीस गेली. कागद ‘उत्तीर्ण’ म्हणत होता. यंत्रणा तशी नव्हती.

दुसरी घटना याच्या उलट आहे. अमेरिकेच्या कार्मिक व्यवस्थापन कार्यालयातील अनेक यंत्रणा वैध मान्यतेविना चालत असल्याचे महानिरीक्षकांच्या नोव्हेंबर २०१४ च्या अहवालात नोंदवले होते. २०१५ मध्ये सुमारे २ कोटी १५ लाख व्यक्तींची माहिती आणि ५६ लाखांचे बोटांचे ठसे चोरीस गेल्याचे उघड झाले. येथे कागद खरे बोलत होता. परंतु त्याच्या शेऱ्यावर वेळेत कृती झाली नव्हती.

या दोन घटना एकत्र वाचल्या असता असे दिसते की, तपासणी अचूक असणे आणि तिच्या निकालावर कृती होणे या भिन्न गोष्टी आहेत. स्वयंचलित साधन पहिल्या गोष्टीला साहाय्य करते. दुसरी गोष्ट संस्थेच्या इच्छाशक्तीवर अवलंबून राहते.

७. भारतीय संदर्भ

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला आणि ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ मध्ये कार्यरत झाली. २०११ च्या नियमांत वाजवी सुरक्षा-पद्धतीचे उदाहरण म्हणून आंतरराष्ट्रीय मानक २७००१ चा उल्लेख आला. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सुरक्षाविषयक घटना ६ तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. प्रवेश-अर्ज, गुणपत्रके आणि शिष्यवृत्तीच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या शिक्षणसंस्थांनाही या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही. परवाना-शुल्क नसलेले आणि तपासून पाहता येणारे साधन त्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरू शकते.

८. निष्कर्ष

१. १९७० ते २०१८ या काळात सुरक्षिततेविषयी निर्णय देण्याचा अधिकार मोजक्या तज्ज्ञांकडून प्रकाशित, पुन्हा पडताळता येणाऱ्या नियमांकडे सरकला.

२. नियम आणि तपासणी यांची फारकत हा या वाटचालीतील निर्णायक टप्पा होय. त्यामुळे नियमांवर चर्चा करणे संगणकतज्ज्ञ नसलेल्यांनाही शक्य झाले.

३. ओपनस्कॅपसारखे साधन प्रामुख्याने यंत्रणेची मांडणी पाहते. वेअर अहवालाने सांगितलेल्या कर्मचारी, इमारत आणि प्रशासकीय कार्यपद्धती या अंगांपर्यंत त्याची दृष्टी पोहोचत नाही.

४. त्यामुळे शंभरपैकी मिळालेले गुण हे त्या दिवशी, त्या नियमावलीपुरते उत्तर असते. अनुत्तीर्ण नियमांची वासलात कोण, किती दिवसांत लावणार, हे ज्या संस्थेत ठरलेले नाही, तेथे सर्वोत्तम साधनाचा अहवालही दप्तरातील आणखी एक कागद ठरतो.