कीचक तोच, रूपं निराळी



परवा माझा कॉलेजातला पुतण्या ‘जोकर’ सिनेमा बघत होता. १९४० साली अमेरिकेतल्या एका चित्रकथेत आलेला हा खलनायक. पडद्यावर हीथ लेजर आणि वाकीन फिनिक्स यांनी तो इतका वेगवेगळा उभा केला, की दोघांनाही ऑस्कर मिळालं. पुतण्या म्हणाला, “काकी, माणूस तोच, मग दर वेळी निराळा कसा?” मी म्हटलं, “आपला कीचक बघ की!”

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्री नावानं विराटाच्या राणीची दासी झाली. राणीचा भाऊ कीचक राज्याचा सेनापती. तो तिच्या मागे लागला. आपल्या वाईलाच लोक विराटनगरी म्हणतात. जवळ पांडवगड आहे, वैराटगड आहे. म्हणून ही गोष्ट आपल्याकडे घरचीच.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या काळच्या नाटकांतला राक्षस म्हणजे रंगवलेलं तोंड आणि आरडाओरडा. पुढे सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. बंगालच्या फाळणीचा राग ताजा होता. नाटकात इंग्रजाचं नावही नव्हतं, पण प्रेक्षकांनी ओळखलं : कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे आपला देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. सरकारनंही ओळखलं. १९१० साली नाटकावर बंदी आली.

मग कीचक पडद्यावर आला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. त्यातला कीचकाचा वध इतका खरा वाटला, की तो भाग कापावा लागला. आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. तोवर नाटकात बायकांच्या भूमिका पुरुष करत; फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीही पुरुषच होता. पेंटरांच्या चित्रपटात मात्र बायका स्वतः पडद्यावर आल्या. १९८८ साली सुरू झालेल्या दूरदर्शनच्या ‘महाभारता’त शरत सक्सेनांचा धिप्पाड कीचक आपण घरात बसून पाहिला.

गटाच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली, तेव्हा द्राक्षबागेत कामाला जाणारी एक मैत्रीण म्हणाली, “ताई, कर्झन आम्हाला माहीत नाही. आमचा कीचक मुकादम आहे.” बैठक गप्प झाली.

तिचं ऐकल्यावर मला गोष्टीतली एक जागा टोचायला लागली. कीचकानं भर दरबारात सैरंध्रीला लाथ मारली, तेव्हा राजा गप्प बसला. त्याच्याकडे पाठवणारी राणी बाईच होती. आणि कीचक मेल्यावर त्याच्या भावांनी दोष तिलाच दिला, तिला चितेवर न्यायला निघाले. कीचक एकटा नव्हता. गप्प दरबार त्याच्या पाठीशी होता.

सैरंध्रीला रात्री भीमाला उठवावं लागलं. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे. शेतमजूर, घरकामवाली, दहापेक्षा कमी माणसांच्या कामावरची बाई, कुणालाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते. प्रकार घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायची. लिहिता येत नसेल, तर समितीनं मदत करायची असते.

त्या मैत्रिणीचा अर्ज आम्ही तिघींनी बसून लिहिला. तुमच्या गटात कुणी असं बोललं, तर एवढं करा : दरबारासारख्या गप्प बसू नका.