उंदीर, कौलं आणि जावा : घर बंद करण्याचा इतिहास



ऑक्टोबर लागला, हवा गार झाली, की हॉलंडमधल्या आपल्या लोकांत एक विषय हमखास निघतो. स्वयंपाकघरात उंदीर आला! सूर बहुतेक असा, की "पुण्यात सोसायटीत कधी पाहिला नाही, आणि इथे युरोपात?" मग पिंजरा, विष, शेजाऱ्याचं मांजर असे सगळे उपाय निघतात. पण इथला जाणकार माणूस घरी आला की त्याचं पहिलं काम वेगळंच असतं. तो घराबाहेर जातो, वाकतो आणि भिंत बघतो. "उंदीर कुठे आहे" याच्या आधी "तो आत कुठून आला" हा त्याचा प्रश्न.

हा प्रश्न आज साधा वाटतो, पण तो विचारायला माणसाला फार मोठी किंमत मोजावी लागली. त्या कथेचा एक भाग मुंबई-पुण्याचा आहे आणि दुसरा डच लोकांच्या जावा बेटावरचा. दोन्ही एकत्र मांडलेले क्वचितच दिसतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात आपल्याकडून. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. लोकांना संबंध दिसत होता. "गावात उंदीर पडले" हे शब्द आमच्या पणजीच्या तोंडून आजीने ऐकलेले. उंदीर पडले की घराला कुलूप लावून माळावर खोपटात राहायला जायचं, हे खेड्यातल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही. सरकारी शास्त्र मात्र तेव्हा रोगाचं मूळ घाणीत, दमट हवेत आणि अंधारात शोधत होतं.

त्यामुळे १८९७ साली पुण्यात रँडच्या कमिटीने काय केलं? सोजिरांनी घरात शिरून माणसं तपासली, जमिनी उकरल्या, सामान जाळलं, भिंतींना चुना फासला आणि ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली. देवघरापर्यंत बूट गेले, बायकामाणसांची विटंबना झाल्याच्या तक्रारी आल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत काय घडलं ते आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या.

त्या धाडींतली विसंगती शाळेत शिकवत नाहीत. उकरलेल्या घरातला उंदीर मरत नव्हता, तो शेजारच्या घरात जात होता, आणि आपल्या पिसवाही घेऊन जात होता. जुलूम झालाच, पण ज्यासाठी केला तेही साधलं नाही.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं, की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. मग १९०५ पासून प्लेग संशोधन कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन इन्स्टिट्यूट) एक सुंदर प्रयोग केला. सहा छोट्या खोल्या बांधल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त छपराचा : काहींवर आपली साधी गावठी कौलं, काहींवर घट्ट बसणारी मंगलोरी कौलं, काहींवर पन्हाळी पत्रा. छपराखाली तारेची जाळी. उंदीर खाली उतरू शकणार नाही, पिसवा मात्र पडू शकतील. खाली जमिनीवर गिनीपिग सोडलेले. जिथे छपरात उंदीर मुक्काम करत होते, तिथल्या गिनीपिगना उंदीर न शिवताही प्लेग झाला. म्हणजे प्रश्न घाणीचा नव्हता, घराच्या बांधणीचा होता! उंदराला छपरात जागा आहे की नाही, यावर खाली झोपणाऱ्याचा जीव अवलंबून होता.

आता जावा. मुंबईहून प्लेग भारतभर पसरला, १९०५ मध्ये रंगूनला पोचला. १९१० मध्ये जावात भात कमी पिकलं, म्हणून ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला गेला. सुराबाया बंदरात पोती उतरली, पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा उतरल्या, आणि १९११ च्या वसंतात मलांग जिल्ह्यात माणसं मरू लागली.

डच सरकारने सुरुवातीला तेच केलं जे इंग्रजांनी केलं होतं : नाकेबंदी, लोकांना घरातून काढून बराकीत ठेवणं. पण परळचे अहवाल तोवर छापून आले होते. डॉ. डे फोखेल आणि पुढे अॅमस्टरडॅममध्ये प्राध्यापक झालेले डॉ. फान लोखेम यांनी घरांची बारकाईने पाहणी केली. जावातलं घर बांबूचं, छप्पर गवताचं किंवा झावळ्यांचं. बांबू पोकळ, टोकं उघडी. उंदराला यापेक्षा चांगला ब्लॉक कुठे मिळणार? खांबात, वाशात, दुहेरी कुडाच्या मधल्या फटीत, अगदी झोपायच्या बाजेच्या बांबूतही घरटी सापडली. बांबू उभा चिरून आतला उंदराचा संसार दाखवणारे फोटो त्या काळात काढले गेले.

मग सुरू झाली घरदुरुस्तीची मोहीम. पोकळ बांबूच्या जागी लाकूड, नाहीतर बांबूची टोकं बंद. गवताऐवजी कौलं. दुहेरी कुड नको, अडगळीचे कोपरे नकोत. १९१५ मध्ये त्यासाठी खास प्लेग खातंच स्थापन झालं. पुढच्या पंचवीसेक वर्षांत पंधरा लाखांहून जास्त घरं दुरुस्त झाली. उंदराला घराबाहेर ठेवण्यासाठी इतकं मोठं बांधकाम जगात क्वचितच झालं असेल.

इथे डच कार्यक्षमतेला टाळ्या वाजवून थांबता येईल. पण आपण स्वतः एका वसाहतीची लेकरं, तेव्हा पुढचंही बघू. घर दुरुस्त करा हा हुकूम सरकारचा, पैसे मात्र घरमालकाचे. सरकार उचल देई आणि ती हप्त्यांनी फेडून घेई. ज्याच्या घरात कुणी आजारी नाही, त्या शेतकऱ्यावरही कर्ज आलं. मेलेल्या माणसाच्या प्लीहेत सुई घालून तपासणी व्हायची, त्यावरून मुसलमान प्रजेत मोठा असंतोष झाला. चिप्तो मंगुनकुसुमो हे जावाचे डॉक्टर स्वतःहून मलांगला रोग्यांमध्ये काम करायला गेले. तिथल्या एका अनाथ मुलीला त्यांनी दत्तक घेतलं. सरकारने त्यांना १९१२ मध्ये ऑरेंज-नासाउ पदक दिलं, आणि १९१३ मध्ये स्वराज्याचं राजकारण करतात म्हणून हद्दपार केलं. कुठे? इथे, नेदरलंड्समध्ये!

आणि एवढं करून प्लेग थांबला का? लगेच नाही. १९३४ मध्ये पश्चिम जावात एका वर्षात वीस हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर बांडुंगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. ओटेन यांची जिवंत जंतूंची लस लाखो लोकांना टोचली गेली आणि साथ ओसरली. १९११ ते १९३९ मध्ये जावात दोन लाखांहून जास्त मृत्यू झाले. आपल्याकडे भारतात आकडा एक कोटीच्या वर आहे. घर बंद करणं आवश्यक होतं, पुरेसं नव्हतं.

आता परत आपल्या हॉलंडच्या घराकडे. इथल्या विटांच्या भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या उभ्या फटी असतात, त्यांना स्टोटफूख म्हणतात. दुहेरी भिंतीच्या मधल्या पोकळीत हवा खेळावी, ओल बाहेर जावी म्हणून त्या लागतात. पण उंदराच्या पिलाला सहा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीएवढी जागा पुरते. मधली पोकळी म्हणजे जावाचा पोकळ बांबूच म्हणा ना. :-) तेव्हा फट सिमेंटने बुजवायची नाही (ओल धरेल), तिथे धातूची छोटी जाळी बसवायची, ती दुकानात मिळते. नळ आणि पाइप जिथून आत येतात तिथे स्टीलची लोकर आणि वर सिमेंट. मागच्या दाराखालची फट ब्रशच्या पट्टीने बंद. आणि आपला दहा किलोंचा बासमती पोत्यात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात. जावात प्लेग तांदळाच्या पोत्यांबरोबरच आला होता हे विसरू नका.

दोन गोष्टी मात्र इतिहासातून घ्यायच्या. एक : रो-हाउसमध्ये तुम्ही एकट्याने घर बंद केलंत, तर उंदीर शेजारी जातो, पुण्यात गेला तसाच. म्हणून शेजाऱ्यांशी बोलून ओळीने काम करा. दुसरी : खर्च कुणाचा? भाड्याच्या घरात किरकोळ बंदोबस्त भाडेकरूचा, पण उंदीर घराच्या बांधणीमुळे येत असेल तर जबाबदारी मालकाची, असं इथला २००३ चा किरकोळ दुरुस्तीचा नियम सांगतो. तेव्हा फटीचे फोटो काढा आणि मालकाला लेखी कळवा. जावाच्या शेतकऱ्याला हा हक्क नव्हता, आपल्याला आहे. नुसते सापळे विकत घेत बसून तो वाया घालवू नये, एवढंच सांगायचं होतं.