आपत्कालीन दूरध्वनीची कुळकथा

संकटात सापडलेल्या माणसाचा दूरध्वनी घेऊन पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका धाडणारा डिस्पॅचर आज स्वतंत्र पेशाचा कर्मचारी मानला जात असला, तरी त्याच्या कामाचे मूळ टेलिफोन एक्स्चेंजमधील स्विचबोर्डात, म्हणजे एका ग्राहकाची लाइन दुसऱ्याच्या लाइनीला जोडून देणाऱ्या फळ्यात आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच जणांचा मृत्यू झाला, तेव्हा अग्निशमन दलाला बोलावू पाहणाऱ्या शेजाऱ्याचा कॉल एक्स्चेंजच्या रांगेतच अडकून पडला होता, आणि त्याने ‘द टाइम्स’कडे पत्र लिहून त्याला वाचा फोडल्यावर सरकारी चौकशी झाली. यात ऑपरेटरला दोष देणे अन्यायाचे ठरेल. फळ्यावर लागलेला कोणता दिवा आगीचा आणि कोणता नेहमीच्या कामाचा, हे तिला कळण्याची सोयच नव्हती.

३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये सुरू झालेल्या ९९९ या क्रमांकाने ही सोय केली. १११ हा आकडा तारा एकमेकींना लागल्यानेही आपोआप फिरला जाण्याची भीती होती. उलट, नाणे न टाकता ऑपरेटरला बोलावण्याचे शून्य सार्वजनिक फोनवर आधीच असल्याने, डायलवर त्याच्या शेजारी असलेल्या नऊलाही तीच सवलत देणे सोपे होते. ९९९ फिरवताच एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे, मग ऑपरेटर हातातले काम सोडून कोणती सेवा हवी ते विचारी व कॉल तिकडे जोडून देई.

जबाबदारी मात्र तिथेच संपे. अमेरिकेत १९६८ मध्ये अलाबामातील हेलीव्हिल येथून ९११ सुरू झाला, पण कामाचे स्वरूप खरे पालटले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस, सॉल्ट लेक सिटीचे डॉक्टर जेफ क्लॉसन यांनी प्रश्नांचा क्रम आणि द्यायच्या सूचना छापलेली कार्डे तयार केली तेव्हा. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास घेतो आहे का, हे विचारून त्यावरून गाडीची निकड ठरवायची, आणि ती पोहोचेपर्यंत छाती कशी दाबायची हे फोनवरून सांगायचे, अशी दुहेरी कामगिरी डिस्पॅचरकडे आली. महाराष्ट्रात २०१४ पासून चालणाऱ्या १०८ रुग्णवाहिका सेवेत गाडीबरोबर डॉक्टर असतो. तरीही कोणती गाडी कुठे पाठवायची, हा पहिला निर्णय फोनवर मिळालेल्या माहितीवरच घ्यावा लागतो.