दिनविशेष : २१ नोव्हेंबर
२००४ – क्योतोच्या निन्तेन्दो कंपनीचा 'डीएस' हा हातात मावणारा गेम-संच आजच्या दिवशी आधी अमेरिकेत आणि मग २ डिसेंबरला जपानमध्ये विक्रीला आला. दोन पडदे, त्यातला खालचा स्पर्शाने चालणारा आणि सोबत बारीक लेखणी. पहिला आयफोन यायला तेव्हा अडीच वर्षं बाकी होती. या लेखणीमुळे खेळातला मंत्र बटणावरून सुटून हाताच्या वळणात आला. 'कॅसलव्हेनिया : डॉन ऑफ सॉरो'मध्ये (२००५) राक्षस जेरीस आला तरी ठरलेली मुद्रा वेळेत रेखाटावी लागे; चुकली की तो पुन्हा उठे. तायतोच्या 'लॉस्टमॅजिक'ने (२००६) तर सगळी लढाईच रेखाटलेल्या चिन्हांवर उभी केली. चिन्हं जोडली की नवा मंत्र तयार! आमच्या मते लेखणीच्या खेळांतला हाच सर्वांत कल्पक.

रेषेत शक्ती असते, हे आपल्या पालघर जिल्ह्याला नवं नाही. आपल्या घिवली गावाच्या उत्तरेला डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात, तेव्हा पालघट देवी त्यात येते अशी श्रद्धा आहे.

आणि तो गेम-संच? डीएस मालिकेचे १५ कोटी ४० लाखांवर संच विकले गेले.