खेळाडूचा विसावा

पुण्याहून लोणावळ्यास जाताना द्रुतगती मार्गालगत, मावळ तालुक्यातील गहुंजे गावी, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान लागते. २०१२ साली सुरू झालेल्या या मैदानाचा इतिहास तो कितीसा असणार! तथापि खेळाडूने विसावा केव्हा घ्यावा आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या वादाचा बोलका पुरावा आम्हांस येथेच आढळतो.

पूर्वी हा प्रश्न कोणी विचारीतच नसे. बाळू पालवणकर पुण्यातील गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत आणि साहेबांच्या सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करीत. पुढे १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. त्या एका उन्हाळ्यातील २३ सामन्यांच्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. संघाची सारी भिस्त ज्या हातावर, त्याला उसंत मिळणार कोठून?

आता २०२१ सालाकडे वळू. इंग्लंडचा संघ ५ फेब्रुवारीपासून चेन्नई व अहमदाबाद येथे चार कसोट्या आणि पाच वीस-षटकी सामने खेळून गहुंज्यास आला. करोनाच्या साथीमुळे खेळाडू हॉटेल आणि मैदान यांतच कोंडलेले. म्हणून त्यांच्या मंडळाने आळीपाळीने विसाव्याचे कोष्टक आखले होते. बेअरस्टो व वुड पहिल्या दोन कसोट्यांस नव्हते; बटलर पहिली कसोटी जिंकून देऊन घरी परतला. पुढे ती मालिका भारताने ३–१ अशी जिंकली आणि कोष्टकावर टीकेची झोड उठली. गंमत अशी की, आयपीएल ९ एप्रिलला सुरू व्हावयाची होती आणि ती पुरी खेळण्याची मोकळीक त्याच मंडळाने खेळाडूंस दिली होती. विसावा देशाच्या सामन्यांतून कापून द्यावयाचा, पैशाच्या स्पर्धेला मात्र धक्का लावावयाचा नाही, हा न्याय आम्हांस विचित्र वाटतो.

गहुंज्यास २३, २६ व २८ मार्च रोजी, म्हणजे सहा दिवसांत तीन सामने झाले, आणि एकाही प्रेक्षकास आत प्रवेश नव्हता. प्रेक्षकांच्या आग्रहास्तव खेळाडू राबतात, ही नेहमीची सबब त्या रिकाम्या बाकांपुढे टिकत नाही. सामने व्हावयाचे होते ते दूरचित्रवाणीसाठी. पहिल्याच दिवशी श्रेयस अय्यरचा खांदा निखळला, मॉर्गनचा हात फाटला, बिलिंग्जच्या गळपट्टीच्या हाडास इजा झाली. या दुखापती थकव्यानेच झाल्या असे म्हणवत नाही. पडण्याझडण्याला कारण लागत नाही. मॉर्गनच्या जागी पुढील दोन सामन्यांत कर्णधार झाला तो विसावा घेऊन परतलेला बटलर!

अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलात हाच तंटा अधिक उघडपणे चालतो. तेथे एका हंगामात प्रत्येक संघास ८२ सामने. २०१२ साली सॅन अँटोनियोच्या प्रशिक्षकाने मायामीच्या सामन्यापूर्वी आपले चार प्रमुख खेळाडू घरी धाडले, तेव्हा संघास अडीच लाख डॉलर दंड झाला. २०२३ पासून तर एकाच सामन्यात एकाहून अधिक नामांकित खेळाडू बसवू नयेत, असा नियमच आहे. म्हणजे इंग्लंडात विसावा मंडळ देते, अमेरिकेत मंडळ तो हिरावते. सामन्यांची संख्या मात्र दोहोंकडे कोणी कमी करीत नाही.