बर्वे, भक्ती

(१० सप्टेंबर १९४८ – १२ फेब्रुवारी २००१). मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ अभिनेत्री, दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका आणि चित्रपट-अभिनेत्री. जन्म सांगलीचा, कारकीर्द मुंबईत. अभिनेते शफी इनामदार यांच्याशी विवाह झाल्यावर भक्ती बर्वे-इनामदार या नावानेही त्या ओळखल्या जात.

सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांतून त्या रंगभूमीवर आल्या. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाल्यावर त्या मराठी बातम्या देऊ लागल्या. स्वच्छ वाणी आणि शांत चेहरा यांमुळे त्या घरोघरी पोहोचल्या. ब्रेख्तच्या नाटकावरून चिं. त्र्यं. खानोलकरांनी लिहिलेल्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या प्रयोगातही त्या होत्या.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तील (१९७५) मंजुळा ही मात्र त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलेल्या या नाटकात गावरान बोलीतल्या फुलवालीला प्राध्यापक अशोक जहागीरदार (सतीश दुभाषी) शुद्ध मराठी शिकवतो. दूरदर्शनवर प्रमाण उच्चारांत बातम्या सांगणारी बाई रंगमंचावर ठसक्यात ‘अशुद्ध’ बोलते, यात प्रेक्षकांना गंमत वाटली. पण भूमिकेची खरी कसोटी पुढे होती. भाषा सुधारत जाते तसतशी मंजुळाची चालण्या-बोलण्याची ढब बदलते, आणि या बदलाचा प्रत्येक टप्पा प्रेक्षकाला पटावा लागतो. मास्तरांवर सूड उगवण्याची स्वप्ने रंगवणारे तिचे स्वगत तर त्या नाटकाचा प्राणच ठरले. मंचावर ती एकटीच असते. समोर नसलेल्या मास्तरांना ती दम भरते, त्यांची फजिती मनात रंगवते, आपल्या भावी थाटावर स्वतःच खूश होते. भक्ती बर्वे यांनी त्या रागाखालचा अपमान झाकला नाही, म्हणून हशा आणि कणव दोन्ही एकाच वेळी उमटत. पुढे प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी मंजुळा रंगवली. तुलना मात्र दर वेळी पहिल्या मंजुळेशीच झाली. नाट्यस्पर्धांत आणि एकपात्री स्पर्धांत मुली अजूनही ते स्वगत निवडतात.

एका भूमिकेच्या लोकप्रियतेत त्या अडकल्या नाहीत. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये संसाराच्या कामातून निवृत्ती जाहीर करणारी आई त्यांनी केली. नाटक घरगुती विनोदाच्या अंगाने जाते, तरी घरातल्या बाईच्या श्रमाचा हिशेब ते मांडते, हे त्यांच्या अभिनयामुळे ठसत असे. अजित दळवी लिखित, चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये पती आणि मुलगा हरिलाल यांच्यात ओढाताण होणाऱ्या कस्तुरबा त्यांनी साकारल्या.

चित्रपटाने त्यांचा फारसा उपयोग करून घेतला नाही. अपवाद कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’चा (१९८३). त्यात ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादिका शोभा ही भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारी धडाडीची पत्रकार म्हणून समोर येते आणि हळूहळू स्वतःच सौदेबाजीत उतरते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शाह यांच्या गर्दीत, इतरांच्या धुमाकुळापुढे हा थंड डोक्याचा लबाडपणा वेगळा उठून दिसतो. ‘हजार चौरासी की माँ’मध्येही (१९९८) त्यांनी काम केले. दूरचित्रवाणीवर त्यांनी कवयित्री बहिणाबाई चौधरी यांची भूमिका केली.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९० मध्ये मिळाला. १९९६ मध्ये शफी इनामदार यांचे निधन झाले. त्यानंतरही त्यांचे काम चालूच राहिले. ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम त्या सादर करीत. वाईचा कार्यक्रम आटोपून परतत असताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या मोटार अपघातात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.