सब घोडे बारा टक्के : क्ष-किरणांच्या इतिहासांतील एक धडा



शिंप्याकडे आपण गेलों म्हणजे तो प्रथम आपलें माप घेतो. पांच वर्षांच्या मुलाला आणि भरदार अंगाच्या गृहस्थाला एकाच मापाचा अंगरखा शिवून देणाऱ्या शिंप्यास आपण वेड्यांत काढूं. परंतु शरीराच्या अंतर्भागाचें चित्र घेण्याच्या शास्त्रांत हा प्रकार पुष्कळ वर्षें चालला होता, आणि तोही मोठ्या विद्वान् मंडळींच्या हातून. त्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें प्रोफेसर राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढें २२ डिसेंबरला त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. बोटांतील अंगठीसह हाडें दाखविणारें तें चित्र जगभर गाजलें. पण हात हा शरीराचा पातळ भाग. डोकें, छाती व पोट यांकडे वळतांच खरी अडचण सुरू झाली.

या अडचणीचें कारण गणिती आहे. मांस व चरबी यांचा सुमारें ४ सेंटिमीटर जाडीचा थर क्ष-किरणांपैकीं निम्मे अडवितो. पुढील ४ सेंटिमीटर उरलेल्यांपैकीं निम्मे. या हिशेबानें २० सेंटिमीटर जाडीच्या पोटांतून ३२ भागांपैकीं एकच भाग पलीकडे जातो, आणि २८ सेंटिमीटर जाडीच्या पोटांतून १२८ भागांपैकीं एक. अंग ८ सेंटिमीटरांनीं वाढलें कीं किरण चौपट सोडावे लागतात. त्यांत कांहीं किरण आंतल्या आंत विखुरतात व चित्रावर धुकें पसरवितात. अंग जितकें जाड, तितकें धुकें दाट.

पहिल्या पिढीनें यावर वेळ वाढविण्याचा उपाय केला. १८९६ सालीं अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें एका गृहस्थाच्या डोक्यावर चित्रासाठीं तासभर किरण सोडले. एकवीस दिवसांनीं त्या जागचे केस गळून पडले. हँबुर्गचे डॉक्टर आल्बर्स-शोनबर्ग यांनीं वेगळी युक्ति काढली. पोट दाबून त्याची जाडीच कमी करावयाची, म्हणजे किरणही कमी लागतात आणि धुकेंही विरळ होतें. पण या किरणांनींच पुढें त्यांचा बळी घेतला. १९२१ सालीं ते वारले. १९१३ सालीं बर्लिनचे गुस्टाव्ह बुकी यांनीं शिशाच्या पट्ट्यांची जाळी पुढें आणली, आणि शिकागोचे हॉलिस पॉटर यांनीं ती हलती करून तिच्या रेषा चित्रांतून घालविल्या. भटके किरण जाळींत अडले व चित्र उजळलें. मात्र जाळी कांहीं उपयोगी किरणही गिळते. ती तूट भरून काढण्यास किरण वाढवावे लागतात. स्पष्टतेची किंमत रोग्याच्या अंगानेंच भरली.

तथापि त्या काळीं एक नैसर्गिक पहारेकरी होता, तो म्हणजे फिल्म. किरण अधिक झाले कीं ती काळी पडे, आणि चूक तत्काळ उघडी होई. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळ विंबल्डन येथील ॲट्किन्सन मॉर्ली रुग्णालयांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें. सी. टी. स्कॅन तो हाच. त्या यंत्रांत डोक्याभोंवतीं पाणी ठेवीत, कारण किरणांचा मार्ग सर्व बाजूंनीं सारखा जाड व्हावा. म्हणजे शरीराच्या आकाराचा विचार पहिल्या दिवसापासूनच होता. पण हा नवा युगप्रवर्तक आपल्याबरोबर एक धोका घेऊन आला. येथें किरण अधिक झाले तर चित्र बिघडत नाहीं, उलट अधिक सुबक दिसतें. पहारेकरी गेला!

याचा परिणाम लहान मुलांना भोगावा लागला. थोराचें अंग आपल्या बाहेरच्या थरांनीं आंतल्या इंद्रियांचें रक्षण करितें. बालकाला तें कवच नाहीं. शिवाय यंत्र मात्रेचा जो आंकडा दाखवितें, तो रोग्याचा नसून धडाच्या तपासणींत बहुधा ३२ सेंटिमीटर व्यासाच्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्याचा असतो. १६ सेंटिमीटर व्यासाच्या बालकास प्रत्यक्षांत त्याच्या सुमारें दुप्पट मात्रा मिळते. २००१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या लेखांनीं दाखवून दिलें कीं, मुलांची तपासणीही अनेकदां प्रौढांच्याच मापानें होत आहे. या लेखांनीं खळबळ उडाली. २००८ च्या आरंभीं मुलांसाठीं किरण बेतानें वापरण्याची 'इमेज जेंटली' ही मोहीम सुरू झाली, आणि २०११ सालीं तेथील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघानें अंगाच्या व्यासावरून मात्रा काढण्याचें कोष्टक प्रसिद्ध केलें. आजचीं यंत्रें अंगाचा अंदाज घेऊन किरण आपोआप कमीजास्त करितात; तरी त्यांना योग्य सूचना देणारा माणूस लागतोच.

स्थूल रोग्याची तऱ्हा निराळी. त्याला मध्यम मापाचे किरण दिले तर चित्र दाणेदार व अंधुक निघतें, आणि लहानशी गांठ त्यांत दडून राहते. हा दाणा निम्म्यावर आणावयाचा तर किरण चौपट लागतात. म्हणजे एकाच आंकड्यानें बालकास नाहक किरण मिळाले आणि स्थूल माणसाचा रोग लपला. दोघांवरही अन्याय झाला, आणि तो समानतेच्या नांवाखालीं!

सब घोडे बारा टक्के हा न्याय वैद्यकांत चालत नाहीं, हाच या सव्वाशे वर्षांचा धडा. आपल्या घरांतील मुलाची अशी तपासणी व्हावयाची असेल तेव्हां, यंत्र मुलाच्या मापावर लावलें आहे ना, एवढें नम्रपणें विचारावें. वजन व उंची खरी सांगावी. त्यांत संकोच नको. आणि डॉक्टरांनीं आवश्यक म्हटलेली तपासणी केवळ भीतीनें टाळूं नये, कारण न सांपडलेला रोग किरणांहून पुष्कळदां अधिक घातक असतो. शिंप्याला आपण माप बिनदिक्कत देतों. तितक्याच मोकळेपणानें तें येथेंही द्यावें.